तुकड्यांतील बरकत

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)





स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून विद्येचे महत्त्व, शिस्तीचे महत्त्व, वेळेचे महत्त्व अशा विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. हे विषय मोठेच आहेत. परंतु तुम्ही ते पुष्कळदा ऐकले आहेत आणि मी ते पुष्कळदा बोललोही आहे. म्हणून आज मी शिळ्या रोटीवर बोलणार आहे. मुलांनो, हसायला हरकत नाही. पण हसून झाल्यावर ऐका, कारण ही गोष्ट तुमच्या डब्यातून सुरू होते.

रात्री उरलेली चपाती सकाळी बारीक करायची, कांदा-मिरचीची फोडणी द्यायची, हळद-मीठ घालून पाण्याचा हबका मारायचा आणि तव्यावर वाफ आणायची, हा पदार्थ या सभागृहातील प्रत्येक घरात होतो. कोणी त्याला फोडणीची पोळी म्हणते, कोणी कुस्करा म्हणते, कोणी चपातीचा चिवडा म्हणते. नावे निराळी, पण कारण एकच. घरात अन्न टाकायचे नसते आणि सकाळी वेळ नसतो. माझ्या लहानपणी अम्मी हाच कुस्करा डब्यात द्यायची, आणि मी शाळेत डब्याचे झाकण अर्धेच उघडून, भिंतीकडे तोंड करून तो खात असे. शेजारच्या मुलाच्या डब्यात ताजी पोळी आणि भाजी असे. माझ्या डब्यात कालच्या रोटीचे तुकडे आहेत, म्हणजे आमच्या घरी काही कमी आहे, हे सर्वांना कळेल अशी मला भीती वाटत असे. त्या वयात गरिबीपेक्षा गरिबी कळण्याची भीती जास्त असते. आजही मधल्या सुट्टीत वर्गावर्गांतून फिरताना मला अर्धी झाकणे दिसतात, म्हणून हा विषय काढला.

पहिली गोष्ट ही की, आपल्या भागात गव्हाची रोटी रोज खाण्याची गोष्ट नव्हती. नाशिक जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून रोजचे अन्न म्हणजे बाजरीची भाकरी. गव्हाची पोळी ही ईदची, सणाची, पाहुण्याची. 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी ज्यांच्या घरी वडीलधारी मंडळी आहेत त्यांनी त्यांना विचाराव्यात. तेव्हा रेशनवर अमेरिकेहून आलेला लाल मिलो मिळत असे आणि दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जाई. पुढे पाटाचे पाणी आले, नवे वाण आले. आपल्याच निफाड तालुक्यात गव्हाचे संशोधन केंद्र आहे. तांबेऱ्याने उभे पीक हातचे जाई, त्या तांबेऱ्याशी झुंज देणारे वाण या केंद्राने काढले. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी ही नावे तुम्ही देवस्थानांची आणि नदीची म्हणून ओळखता. ती या केंद्रातून निघालेल्या गव्हाच्या वाणांचीही नावे आहेत. तेव्हा डब्यातल्या त्या तुकड्यामागे शेतकऱ्याची मेहनत आहे तशी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे रोपे न्याहाळणाऱ्या माणसाचीही मेहनत आहे. ज्यांना विज्ञान शाखेकडे जायचे आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे.

आपले बुजुर्ग रस्त्यात पडलेला रोटीचा तुकडा उचलत, कपाळाला लावत आणि कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून भिंतीच्या कोनाड्यात ठेवत. ती अंधश्रद्धा नव्हती. रिज्कचा आदर होता तो.

दुसरी गोष्ट मलिद्याची. उरूसाला, नियाजला आपल्याकडे मलिदा होतो. गरम रोटी हाताने चुरायची, तूप आणि गूळ घालून मळायची, की झाला मलिदा. हा शब्द फारसी आहे. ‘मालीदन’ म्हणजे चोळणे, मळणे. त्यावरून मलिदा म्हणजे चोळून, कुस्करून केलेली वस्तू. कोकणातील बेने इस्राईल समाजातही मलिदा हे नाव आहे. मात्र त्यांचा मलिदा पोह्यांचा असतो आणि त्यात ओले खोबरे असते. म्हणजे हा शब्द महाराष्ट्रात एकाहून अधिक धर्मांच्या घरांतून फिरला आहे. पण मराठीत त्या शब्दाचे पुढे काय झाले ते पाहा. ‘अमक्याने मलिदा लाटला’ असे आपण वर्तमानपत्रात वाचतो, आणि त्याचा अर्थ असतो की कष्ट न करता त्याने मधल्यामध्ये पैसे खाल्ले. जो पदार्थ दारात आलेल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवण्यासाठी केला, त्याचे नाव एकट्याने खाण्याला पडावे! वाटून खाण्याची वस्तू एकट्याने खाल्ली की ती हरामाची होते, हेच जणू भाषेने नोंदवून ठेवले आहे.

आता तिसरी गोष्ट, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या पैगंबरांच्या (स.) घराण्याला बनू हाशिम म्हणतात, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. हाशिम हे पैगंबरांचे पणजोबा. पण त्यांचे मूळ नाव हाशिम नव्हते, अम्र होते. सीरतच्या ग्रंथांतून असे सांगितले आहे की, मक्केत एकदा दुष्काळ पडला तेव्हा अम्र यांनी शाम देशातून उंटांवर रोट्या आणवल्या, उंट कापून मोठमोठ्या देगांत शोरबा केला, त्यात रोट्या मोडून घातल्या आणि भुकेल्या मक्केला पोटभर खाऊ घातले. अरबीत ‘हशम’ म्हणजे मोडणे, चुरणे. रोटी चुरणारा तो हाशिम. शोरब्यात चुरलेल्या रोटीला सरीद म्हणतात, आणि पैगंबरांना सरीद आवडत असे याचा उल्लेख हदीसमध्ये येतो. विद्यार्थी मित्रांनो, जगातील एवढ्या मोठ्या घराण्याला जे नाव मिळाले ते तलवारीवरून किंवा तख्तावरून मिळालेले नाही. रोटीचे तुकडे करून वाटणाऱ्या हातावरून मिळाले आहे. तेव्हा उद्यापासून डब्याचे झाकण पूर्ण उघडा.

रोटी मोडल्याने ती वाढते कशी, असा प्रश्न एखादा हुशार विद्यार्थी विचारील. गणिताने ती वाढत नाही हे खरेच. पण दहा माणसे आणि सहा रोट्या असतील, तर अख्ख्या रोट्या वाटताना चौघे उपाशी राहतात. त्याच सहा रोट्या रश्श्यात मोडल्या तर दहाही जण जेवतात. दोघांचे अन्न तिघांना पुरते अशा आशयाची हदीस आहे, तिचा अनुभव भाकरी काल्यात मोडणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला रोज येतो. ओझरला तर हे वेगळे सांगायला नको. वाघाड धरणाच्या कालव्यावर बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने 1990 च्या दशकात पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या आणि शेतकऱ्यांनी पाणी मोजून वाटून घ्यायला सुरुवात केली. धरण तेच होते, वाटण्याची रीत बदलली आणि शेवटच्या टोकाच्या शेताचाही विचार होऊ लागला. बरकत म्हणतात ती अशी येते.

आता आपण थोडे घराबाहेर, रस्त्यावर येऊ. आपण घरात गुपचूप करतो तो चुरलेल्या रोटीचा पदार्थ दक्षिणेत भर रस्त्यावर, मोठ्या थाटात केला जातो. तामिळनाडूत, विशेषतः मदुराईच्या बाजूला, त्याला कोत्तु परोटा म्हणतात. श्रीलंकेत कोत्तु रोटी, किंवा नुसतेच कोत्तु. तमिळमध्ये ‘कोत्तु’ म्हणजे बारीक तोडणे. मोठा सपाट लोखंडी तवा असतो. त्यावर कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता, भाज्या परतायच्या, अंडे फोडायचे, वर मैद्याची पदरदार रोटी टाकायची, आणि दोन्ही हातांत दोन रुंद बोथट पाती घेऊन ती तव्यावरच तोडत राहायची. मग कोंबडीचा किंवा मटणाचा रस्सा ओतायचा. त्या पात्यांचा ठेका रात्रीच्या वेळी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो, आणि तो ऐकूनच गिऱ्हाईक येते. पाटी लावण्याची गरज नाही. आपल्याकडे पावभाजीच्या किंवा अंडाभुर्जीच्या गाडीवर असा आवाज आपण ऐकतोच. मुंबईत धारावीला तमिळ वस्तीत गेलात तर खास कोत्तु परोट्याचा आवाजही कानी पडेल.

या पदार्थाचे शास्त्रही समजून घेण्यासारखे आहे. ताज्या मऊ रोटीचे तुकडे करून त्यावर रस्सा ओतला तर त्याचा गोळा होतो. रोटी थंड होऊन काही तास गेले की तिच्यातील पिष्ट घट्ट होते, ओल कमी होते, आणि मग तिचे तुकडे रस्सा शोषूनही सुटे राहतात. म्हणजे शिळेपणा हा येथे दोष नसून गुण आहे. तुकडे लहान केले की पृष्ठभाग वाढतो आणि प्रत्येक तुकड्याला तवा लागतो, प्रत्येक तुकड्याला मसाला लागतो. नववीच्या विद्यार्थ्यांनी हे वहीत लिहून घ्यावे. मात्र शिळी म्हणजे बुरशी आलेली नव्हे; एका कोपऱ्याला बुरशी दिसली तर ती सबंध रोटी टाकलीच पाहिजे, कारण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून आत गेलेले असतात. आणि मैद्यापेक्षा आपली कोंड्यासकट दळलेली कणीक पोटाला बरी, हेही मातांना सांगतो.

श्रीलंकेत हा पदार्थ पूर्व किनाऱ्यावरच्या बट्टिकलोआ-त्रिंकोमालीच्या बाजूला, तमिळ बोलणाऱ्या मुस्लिम समाजाच्या खाणावळींतून पुढे आला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आज तेथे सिंहली, तमिळ, मुस्लिम सर्वच जण तो खातात. ज्या देशाने वंशावरून, भाषेवरून इतके रक्त सांडलेले पाहिले, तेथे रात्री तव्याभोवती सारे एकत्र उभे राहतात, ही लहान गोष्ट नाही. त्या बेटावर गहू पिकत नाही. पीठ बाहेरच्या गव्हाचे. 2022 मध्ये तेथे आर्थिक संकट आले, पीठ आणि गॅस महागला, तेव्हा कोत्तुची किंमतही गरिबाच्या हाताबाहेर जाऊ लागली. गाडीवरचा माणूस असा जगाच्या बाजाराशी बांधलेला असतो, त्याला ते कळो वा न कळो.

परंतु श्रीलंकेची आठवण मी दुसऱ्याच कारणासाठी काढली. तेथील मुस्लिम समाज प्रामुख्याने व्यापारी आणि दुकानदार. एकोणिसाव्या शतकात मुले पेढीवर बसत, शाळेत जात नसत. त्या काळात सिद्दी लेब्बे नावाच्या वकिलाने समाजाला जागे करण्यासाठी आयुष्य वेचले. इजिप्तचे हद्दपार झालेले नेते अराबी पाशा 1883 मध्ये त्या बेटावर आले होते, त्यांनीही या कार्यास प्रोत्साहन दिले, आणि 1892 मध्ये कोलंबोत पुढे झहिरा कॉलेज म्हणून नावारूपाला आलेली शाळा सुरू झाली. आपल्या मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम 1874 मध्येच स्थापन केली होती. दोन्हीकडे प्रश्न एकच होता. धंदा हाताशी आहे, मग मुलाने शाळेत का जावे?

हा प्रश्न सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचा आहे असे समजू नका. तो माझ्यापुढे आपल्या ओझरला, हमरस्त्याच्या कडेला, एका गाडीपाशी येऊन उभा राहिला होता.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. पहिल्या दोन तासांना तो हमखास झोपत असे. चौकशी केली तेव्हा कळले की वडिलांची अंडाभुर्जीची गाडी आहे आणि मुलगा रात्री साडेबारा-एकपर्यंत गाडीवर असतो. एका रात्री मी गाडीवर गेलो. मुलाच्या दोन्ही हातांत कालथे होते. उरलेल्या चपात्यांचे तुकडे करून तो भुर्जीत घालत होता. गिऱ्हाइके त्यासाठीच थांबली होती. त्याचा हात इतका सफाईने चालत होता की मी पाहतच राहिलो. वडील अभिमानाने म्हणाले, “सर, पोरगा आत्ताच माझ्यापेक्षा बरा हात चालवतो.” मीही म्हणालो, “खरे आहे.” त्यांनी मला बाकावर बसवले, बशी भरून दिली, पैसे घेतले नाहीत. मी खाल्ले, तारीफ केली आणि घरी आलो. जे सांगायला गेलो होतो ते सांगितलेच नाही. सद्गृहस्थ इतक्या प्रेमाने खाऊ घालतो आहे, त्याला कसे बोलावे, असे मला वाटले. त्या वर्षी दिवाळीनंतर मुलगा शाळेत आला नाही.

मित्रांनो, त्या रात्रीची माझी भीड मला अजून बोचते.

मला त्या वडिलांना असे सांगायचे होते की, मुलाचा हात चालतो याचा अभिमान असू द्या. गाडी ही लाजेची गोष्ट नाही. ज्या हाताने रोटी चुरून लोकांना खाऊ घातले त्या हाताचा मान केवढा आहे हे आताच सांगितले. पण हात शिकायला एक वर्ष लागले, तो आता कोठे जात नाही. नववी-दहावीची दोन वर्षे मात्र गेली की परत आणायला फार सायास पडतात. 2016 चा बालकामगार कायदा चौदा वर्षांखालील मुलाला घरच्या धंद्यात फक्त शाळेची वेळ सोडून आणि सुट्टीत मदत करू देतो. हा मुलगा पंधरा वर्षांचा होता. कायद्याची अट टळली होती, पण त्याची झोप कोणता कायदा राखणार? ती बापानेच राखायची असते.

पुढे काय झाले तेही सांगतो. चार वर्षांनी तोच मुलगा, आता मिशा फुटलेला तरुण, माझ्या घरी आला आणि म्हणाला, “सर, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आहे.” गाडीचा परवाना, बँकेचे कर्ज, जागेचा कागद, सगळीकडे त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागत होते, आणि वाचून देणारा प्रत्येक जण त्यातून आपला तुकडा काढून घेत होता. पहिल्या वेळी तो गणितात नापास झाला, दुसऱ्या वेळी उत्तीर्ण झाला. आज गाडी त्याचीच आहे. फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा आहे हे त्याला माहीत आहे. कोणी हटवायला आले तर तो कागद दाखवून बोलतो. त्याची मुलगी आपल्या शाळेत आहे. त्याला डॉक्टर-इंजिनिअर करता आले असते असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की, जे सोळाव्या वर्षी सहज व्हायचे ते विसाव्या वर्षी, दिवसभर कांदा चिरून, रात्री तवा घासून झाल्यावर त्याला करावे लागले. आणि ज्यांनी फॉर्म भरला नाही असे किती असतील, त्यांची नोंद कोणाच्या हजेरीपटावर नाही.

तो आज या सभागृहात नाही. कारण स्नेहसंमेलनाची वेळ संध्याकाळची, आणि ती गाडीची वेळ. आपल्या पालकसभाही संध्याकाळी होतात. म्हणजे ज्या पालकांशी आपल्याला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते नेमके त्या वेळी तव्यापुढे उभे असतात, आणि आपण रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून ‘पालकांना आस्था नाही’ असा शेरा मारतो. हा शेरा मीही मारलेला आहे. म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी जाहीर विनंती आहे की, वर्षातून निदान दोन पालकसभा सकाळी दहा वाजता घ्याव्यात. त्या वेळी गाडीवाले, हॉटेलातील कारागीर, दुसऱ्या पाळीचे कामगार मोकळे असतात.

पालकांना विनंती एवढीच की, मुलगा धंद्यात मदत करीत असेल तर करू द्या, पण रात्री नऊला त्याला घरी पाठवा. नववी-दहावीत परीक्षेआधीचे तीन महिने तर गाडीचे नावही काढू देऊ नका. मुलीला स्वयंपाकात हाताशी घेता तेव्हाही घड्याळ पाहा. कुस्करा तिच्या भावालाही करता येतो, त्याला फार अक्कल लागत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी एकच काम. उद्या डब्यात फोडणीची पोळी आली तर डबा मध्ये ठेवा आणि पहिला घास शेजाऱ्याला द्या. त्याच्या डब्यातलेही घ्या. घरी गेल्यावर आईला सांगा की तुझा डबा सर्वांनी मिळून संपवला. ते ऐकून तिला काय वाटते ते तिच्या चेहऱ्यावर पाहा.